विषय: टेक्सासला जाणाऱ्या मुलाच्या लसी इथे घ्याव्यात की तिकडे?

नमस्कार मंडळी,

मुलगा ऑगस्टमध्ये टेक्सासला पदवीसाठी चाललाय, नुकताच अठरा पूर्ण झाला. कॉलेजचा लसीकरणाचा फॉर्म आलाय. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस, मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) लस आणि टीबीची चाचणी मागितली आहे. त्याची लहानपणीची फाइल माळ्यावरून काढली. नवव्या महिन्यात गोवर, पंधराव्या महिन्यात एमएमआर, आणि २०१८ च्या मोहिमेत शाळेत टोचलेल्या गोवर-रुबेलाचं कार्ड. म्हणजे दोनाऐवजी तीन झाल्या ना? मेनिंजायटिसचं मात्र काहीच नाही. ओळखीचे म्हणतात, तिकडे गेल्यावर घेऊ दे.

– कोथरूडहून, मुलाची आई

*

ताई, तीन दिसतात, पण त्यातली पुरी एमएमआर एकच. पहिल्या वाढदिवसाआधीची गोवराची लस कॉलेजवाले हिशेबात धरतच नाहीत, त्यामुळे नवव्या महिन्यातली बाद. शाळेतल्या लसीत गालगुंड नव्हता. तेव्हा आता एक एमएमआर टोचून घ्या आणि मोकळ्या व्हा. मोठ्यांनाही बालरोगतज्ज्ञ देतात, लाजू नये म्हणावं त्याला!

'तिकडे गेल्यावर' हे मेनिंजायटिसच्या बाबतीत मुळीच ऐकू नका. टेक्सासचा कायदाच आहे: वय २२ च्या आत असेल, तर गेल्या पाच वर्षांतला डोस हवा आणि तो वर्ग सुरू व्हायच्या किमान १० दिवस आधी घेतलेला हवा. पोरं उतरतात जेमतेम आठवडाभर आधी. मग नोंदणी अडकते आणि हवे ते विषय दुसरेच घेऊन जातात. एमएमआर आपल्या हडपसरला सीरममध्येच बनते, ती कुठेही मिळेल. मेनिंजायटिसची ए, सी, डब्ल्यू, वाय अशी चार प्रकारांची लस मात्र प्रत्येक दवाखान्यात ठेवलेली नसते. आधी फोन करून मागवायला सांगा.

– ह्यूस्टनहून, दोन पोरांचे कागद भरून झालेली

*

वरच्या पत्राला जोडून टीबीचं सांगतो. आपल्याकडे सगळ्यांना जन्मतःच टीबीवरची बीसीजी लस, त्यामुळे हातावरच्या टोचणीच्या चाचणीत उगाच गाठ उठू शकते आणि एक्स-रेचं शुक्लकाष्ठ मागे लागतं. आयजीआरए ही रक्ताची चाचणी करा, तिला बीसीजीचा फरक पडत नाही. पण ती एमएमआरच्या दिवशीच करा, नाहीतर चार आठवडे थांबा. एमएमआर जिवंत विषाणूंची लस आहे, मधल्या काळात चाचणीचा निकाल चुकू शकतो.

आणि तारखा! आपल्या डॉक्टरांनी ०४/०६ लिहिलं की इकडची बाई ते ६ एप्रिल वाचते. महिना अक्षरात लिहून घ्या, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. पंधराव्या महिन्याचा शिक्का पुसट झाला असेल तर त्याच दवाखान्यातून नवीन दाखला मागा. जुनी फाइल टाकू नका, हातातल्या बॅगेत द्या.

– न्यू जर्सीहून, काका

*

काका, ताई, खूप आभार. शनिवारची वेळ घेतली, मेनिंजायटिसची लस ते मागवून ठेवणार आहेत. आणखी एकच: फॉर्मवर कांजिण्यांचेही दोन डोस आहेत, हे मी आधी पाहिलंच नव्हतं. त्याला चौथीत कांजिण्या येऊन गेल्यात. तरी लस घ्यायची?

*

नुसतं 'येऊन गेल्या' बऱ्याच ठिकाणी चालत नाही, पुरावा मागतात. शनिवारी आयजीआरएसाठी रक्त देणारच आहे, त्यातच कांजिण्यांची आयजीजी, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी, सांगा. पॉझिटिव्ह आली तर तो रिपोर्ट जोडायचा, बहुतेक कॉलेजं तो धरतात. निगेटिव्ह आली तर दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. म्हणून जूनच्या आत उरका.

– ह्यूस्टन