वाकणे, झुकणे, कलणे, कलंडणे

कृष्णाकाठ, सांगली: रोलर स्केटिंगच्या पोरांना बर्फावरच्या स्पीड स्केटिंगच्या चित्रफिती दाखवतो, सोबत मराठीत टिपण लिहितोय. वळणावर खेळाडू अख्खाच्या अख्खा डावीकडे जातो, त्याला काय म्हणावं? मैदानावर 'वाक' म्हटलं की पोरं कमरेतून आत मोडतात, 'झुक' म्हटलं की डोकं खाली घालतात.

अजिंक्यतारा, सातारा: सर, 'कलणे' घ्या. वाकण्यात मधे कुठेतरी बाक येतो. झुकण्यात वरचं टोक खाली येतं, शिवाय त्याला नमण्याची छटा आहे. कललेली वस्तू मात्र सरळच असते, फक्त उभी राहत नाही. खांब कलतो, भिंत कलते. वळणावर तेच हवं: बर्फावर टेकलेल्या पात्यापासून शरीराच्या गुरुत्वमध्यापर्यंत एकच तिरकी रेघ. नुसता डावा खांदा आत टाकला तर ही रेघ मोडते आणि पात्याची धार बर्फाला नीट धरत नाही.

हा कल मनाचा नसतो, वेग आणि त्रिज्या ठरवतात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनच्या वळणाची त्रिज्या साधारण २५-२६ मीटर. सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेग धरला तर उभ्या रेषेपासून ३८ अंशांच्या आसपास कलावं लागतं, आणि पायावर वजनाच्या सव्वापट भार येतो. तोही खोल वाकलेल्या गुडघ्यावर! म्हणून टिपणात दोन्ही क्रियापदं ठेवा: 'गुडघ्यात वाक, अख्खा डावीकडे कल.'

माणदेश: 'आत कल' हा आज्ञार्थ कानाला परका लागतो. आमच्याकडं 'कलंड' म्हणतात.

अजिंक्यतारा: 'कलंडणे' इथे नको. टोपली कलंडते, दुपारी माणूस जरा कलंडतो. त्यात तोल सुटलेला किंवा सोडून दिलेला असतो. कललेल्या स्केटरचा तोल शाबूत असतो, कारण तो वळतोय. त्याच कलात वेग घटला तर मात्र तो आत कलंडेल. दोन शब्दांमधला हा फरक पोरांना जरूर सांगा, अर्धं भौतिकशास्त्र त्यातच आहे.

कृष्णाकाठ: पटलं. आता 'पुश'चं सांगा. 'ढकल' म्हटलं की सगळे मागं लाथ मारतात.

अजिंक्यतारा: 'रेटणे'. ढकलणं एका झटक्यातही होतं, रेट्यात जोर टिकून राहतो. आणि दिशा सांगितलीच पाहिजे. पातं पुढे घसरत असतं, त्यामुळे मागे जोर लावायला आधारच मिळत नाही. रेटा पात्याला आडवा लागतो. वळणावर तर दोन्ही पाय उजवीकडेच रेटतात, उजवा आतल्या धारेनं, डावा बाहेरच्या. हा रेटा शेवटपर्यंत टिकावा, टाच सुटली तरी पातं बर्फावरच राहावं, म्हणून बिजागरीचे क्लॅप स्केट आले. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये ते सर्रास दिसले.

वळणावर उजवा पाय डाव्यावरून पलीकडे टाकतात, त्याला सगळे 'क्रॉस' म्हणतात. माझा आक्षेप या शब्दावर आहे. त्यानं डोळा वरून येणाऱ्या उजव्या पायावर जातो, आणि खालून रेटणाऱ्या डाव्याकडे कुणी बघत नाही. नवशिक्यांचा डावा पाय नुसता उभा असतो.

माणदेश: मग 'अढी' म्हणा की. पायावर पाय.

अजिंक्यतारा: अढी घालून माणूस बसतो, इथे पाय क्षणभरही थांबत नाही.

कृष्णाकाठ: 'क्रॉस' राहू देतो, पोरांच्या तोंडी तोच बसलाय. त्याखाली ओळ घालतो: 'डावा पाय पोटाखालून उजवीकडे रेट, पुरता लांब होईपर्यंत.'