आवडत्या मालिकेतले कलाकार कन्व्हेन्शनमध्ये भेटणार आहेत: फोटो-ऑप घ्यावा की सही?

पडद्यामागची:

मंडळी, फॅन कन्व्हेन्शनला, म्हणजे चाहत्यांच्या मेळ्याला, पहिल्यांदाच जायचं ठरतंय. ज्या मालिकेसाठी जायचं तिचे तीन कलाकार जाहीर झालेत. दोघं शनिवार-रविवार, एक जण फक्त शनिवारी. प्रवेशाचं तिकीट वेगळं, फोटो-ऑप (कलाकारासोबत काढून मिळणारा फोटो) वेगळा, सही वेगळी आणि वर 'टेबल सेल्फी' नावाचं आणखी एक प्रकरण. सगळं घेणं खिशाला झेपणारं नाही. नेमकं काय घ्यावं? दिवसाचं वेळापत्रक कसं बसवावं? सहीसाठी काय न्यावं? आणि ऐनवेळी कलाकार आलाच नाही तर? जाणकारांनी सांगावं.

---

रांगेतला:

आधी एक गैरसमज काढून टाका. फोटो-ऑप म्हणजे भेट नव्हे. पडद्यांनी आडोसा केलेली जागा, जमिनीवर चिकटपट्टीची खूण, खुणेपाशी कलाकार उभा. तुम्ही जायचं, उभं राहायचं, फ्लॅश पडला की दुसऱ्या बाजूने बाहेर. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद, नमस्कार-चमत्कार त्यातच. बोलायचं असेल तर सहीचं टेबल गाठा. तिथे कलाकार तुमचं नाव लिहितो, सही करतो, तेवढ्यात अर्धा-एक मिनिट मिळतं. रांग तुटक असेल तर जास्तही. टेबल सेल्फी म्हणजे त्याच टेबलाशी तुमच्या फोनवर काढलेला फोटो. उजेड बेताचा, मागे गर्दी, आणि सगळे कलाकार ती देतातच असं नाही.

तिघांपैकी ज्याच्याशी खरंच काही बोलायचंय त्याची सही घ्या. एकत्र फोटो हवा असेल तर तिघांचा मिळून 'ग्रुप फोटो-ऑप' आहे का बघा. तो तीन सुट्या फोटोंपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. एका तिकिटावर किती माणसं उभी राहू शकतात हे नीट वाचा, दर ठिकाणी आकडा वेगळा.

वेळापत्रक उलट्या क्रमाने लावा. फोटो-ऑपची वेळ ठरलेली असते, सही दिवसभर चालू असते. म्हणून आधी फोटोच्या वेळा कागदावर उतरवा, मग पॅनेल (मंचावरच्या गप्पा आणि प्रश्नोत्तरं), आणि उरलेल्या फटींत सह्या. दोन फोटो-ऑपमध्ये किमान पाऊण तास सोडा, कारण एक लांबला की पुढचे सगळे सरकतात. तिकिटावर गट क्रमांक असेल तर पहिला गट आत जाताना सहाव्या गटाने दारात गर्दी करू नये, पुकारलं की जायचं. कलाकार फोटोसाठी किंवा पॅनेलला गेला की त्याचं सहीचं टेबल तेवढा वेळ रिकामं असतं, आणि नेमके तेव्हाच नवखे रांगेत लागून तासभर ताटकळतात. रांगेत शिरण्याआधी 'कधी परतणार' हे टेबलावरच्या मदतनीसाला विचारा.

फक्त शनिवारी येणारा कलाकार दार उघडताच पहिल्यांदा उरका. शनिवारी गर्दी सर्वांत जास्त असते. बाकी दोघांच्या सह्या रविवारी सकाळी घ्या. रविवार दुपारनंतर भरवसा नाही, विमान गाठायचं म्हणून बरेच जण ठरलेल्या वेळेआधी उठतात.

---

शाईचा डाग:

सहीबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त माती तिथे खाल्ली जाते.

कलाकाराच्या टेबलावर आठ बाय दहा इंचांचे छापील फोटो मांडलेले असतात. सहीच्या पैशांत त्यातला एक बहुतेक ठिकाणी मिळतो, त्यामुळे काही न नेलं तरी अडत नाही. स्वतःची वस्तू नेणार असाल तर एवढं पाहा:

- डीव्हीडीच्या डब्यावरचं पातळ प्लास्टिक घरीच काढा. नाहीतर सही त्या प्लास्टिकवर पडते आणि प्लास्टिकबरोबर कचऱ्यात जाते. शक्यतो आतला छापील कागद बाहेर काढूनच पुढे करा.
- चकचकीत फोटोवर बोटांचे ठसे असले की त्या जागी शाई तुटते. रांगेत असतानाच मऊ सुती कापडाने पुसून ठेवा. बॉलपेन अशा कागदावर घसरतं, फक्त ओरखडा उमटतो.
- फिकट भागावर काळा किंवा निळा मार्कर. गडद भागावर रुपेरी किंवा सोनेरी पेंट पेन. काळ्या कोटावर काळी सही मागू नका, दिसणारच नाही.
- पेंट पेन आधी हलवायचं, मग रद्दी कागदावर टोक दाबून शाई उतरवायची आणि दोन-चार रेघा ओढायच्या. हे टेबलापाशी पोचायच्या आधी. न उतरवलेलं पेन पहिल्याच अक्षराला एक जाड ठिपका टाकतं.
- सही झाली की पाच मिनिटं उघडीच ठेवा. ओली असताना प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली की शेवटचं अक्षर फरपटतं. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो.
- टी-शर्ट असेल तर आत जाड पुठ्ठा घालून कापड ताणून धरा.

नाव घालून सही हवी असेल तर ते चिकटणाऱ्या चिठ्ठीवर रोमन कॅपिटल अक्षरांत लिहा आणि सही जिथे हवी तिथेच चिठ्ठी लावा. हॉलच्या गोंगाटात तोंडी सांगितलेलं नाव हमखास चुकतं. तीन सह्या एकाच पोस्टरवर घेणार असाल तर प्रत्येकाची जागा आधी ठरवा, नाहीतर पहिलाच माणूस मधोमध ऐसपैस सही करून मोकळा होतो.

---

चष्मेबद्दूर:

'शाईचा डाग' यांच्याशी जवळपास सहमत, पण साध्या मार्करबद्दल एक दुरुस्ती. त्याची सही उन्हात फिकी पडते. भिंतीवर लावायची असेल तर पिगमेंट शाईचं पेन न्या आणि खिडकीसमोरची भिंत टाळा.

फोटो-ऑपचं थोडं. चष्मा असेल तर दांड्या कानावर किंचित उचला, म्हणजे काचा खाली झुकतात आणि फ्लॅशची चमक लेन्समध्ये येत नाही. पाठीवरची पिशवी, गळ्यातला पास, हातातली पाण्याची बाटली आत शिरताच बाजूच्या टेबलावर. पास गळ्यात राहिला की फोटोच्या मधोमध लटकताना दिसतो. वेगळी पोज हवी असेल तर एका वाक्यात मागा: 'पाठीला पाठ लावून उभे राहूया का?' मिठी किंवा खांद्यावर हात विचारल्याशिवाय नाही. नाही म्हटलं तर हसून पुढे.

छापील फोटो काही मिनिटांत बाहेर टेबलावर येतो. तो तिथेच, उजेडात बघा. डोळे मिटले असतील तर लगेच सांगा. कलाकार आत आहे तोवर पुन्हा काढून देण्याची शक्यता असते, नंतर कोणी काही करू शकत नाही. डिजिटल प्रत तिकिटात आहे की वेगळी घ्यायची, हे आधीच पाहा.

---

पडद्यामागची:

बाप रे, चिठ्ठी आणि पुठ्ठा डोक्यातही आला नसता. धन्यवाद. न येण्याबद्दल कोणी सांगेल का? आणि टेबलाशी बोलायचं काय? याऐवजी अमेरिकेत सान डिएगोला भरणाऱ्या कॉमिक-कॉन या मेळ्याला जावं, असंही एकाने सुचवलंय.

---

सूत्रधार:

कॉमिक-कॉनचं आधी. १९७० साली सुरू झालेला तो मेळा मोठा आहेच, पण कलाकारांना जवळून भेटण्यासाठी तो सोयीचा नाही. तिथे स्टुडिओ आपली मालिका मांडायला येतात. तिथल्या हॉल एच या मोठ्या सभागृहात सहा हजारांहून जास्त माणसं बसतात आणि दोन कार्यक्रमांमध्ये हॉल रिकामा करत नाहीत, त्यामुळे दुपारच्या पॅनेलची जागा सकाळीच अडलेली असते. गाजलेल्या मालिकांच्या सह्यांसाठी बऱ्याचदा सोडत असते. प्रवेशाचा बॅजही दारात मिळत नाही. तुम्ही निवडलंय तो प्रकार, जिथे प्रत्येक कलाकाराला स्वतःचं टेबल असतं, तोच तुमच्या कामाचा.

न येण्याबद्दल: जाहिरातीत 'व्यावसायिक बांधिलकीनुसार' अशा अर्थाची एक ओळ असते. चित्रीकरणाची तारीख सरकली की कलाकार येत नाही, आणि त्याला कोणी अडवू शकत नाही. अशा वेळी त्या कलाकाराच्या आगाऊ घेतलेल्या फोटो-ऑपचे वा सहीचे पैसे बहुतेक आयोजक परत करतात. प्रवेशाच्या तिकिटाचे सहसा नाही, प्रवास आणि हॉटेलचे तर नाहीच. म्हणून रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या, आणि निघण्याच्या आदल्या रात्री अधिकृत पान पुन्हा उघडा. न येण्याचं कारण कधी कधी याहून मोठं असतं. १४ जुलै ते ९ नोव्हेंबर २०२३ अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेचा संप होता. संपात सापडलेल्या मालिकांची जाहिरात सदस्यांना बंद होती, आणि त्या वर्षीच्या सान डिएगो कॉमिक-कॉनमधून मोठ्या स्टुडिओंची कलाकारांसह होणारी पॅनेल गायब झाली.

बोलायचं काय, तर एकच वाक्य आणि तेही नेमकं. 'तुमचं काम फार आवडतं' याला 'थँक्यू' पलीकडे उत्तर नसतं. 'दुसऱ्या पर्वात दार लावून घेताना तुम्ही क्षणभर थांबता, ते पटकथेत होतं की तुम्हाला सुचलं?' याला उत्तर द्यायला माणूस मान वर करतो. पुढचं पर्व येणार का, हे विचारू नका. माहीत असलं तरी कराराने तोंड बांधलेलं असतं. लांबलचक प्रश्न पॅनेलसाठी ठेवा.

---

रांगेतला:

एक राहिलं. मनगटाला कागदी पट्टी बांधत असतील तर ती फार सैल ठेवू नका, निसटली की पुन्हा मिळेलच असं नाही. गुडघेदुखी किंवा तास-दोन तास उभं राहायची अडचण असेल तर आयोजकांना आठवडाभर आधी ईमेल करा. रांगेत पुढे सोडतीलच असं नाही, पण खुर्चीची सोय बरेच जण करतात. आणि थोडी रोकड जवळ असू द्या. आगाऊ तिकीट नसलं तर काही टेबलांवर मदतनीस फक्त रोख घेतो, आणि हॉलमधल्या एटीएमसमोरची रांग सहीच्या रांगेपेक्षा लांब असते.