केमोथेरपीनंतर रोखपालाचे काम : मदत हवी आहे

माझी थोरली बहीण सांगलीतील एका पतसंस्थेत रोखपाल आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेल्या पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधामुळे मज्जातंतूंवर परिणाम होऊन तिच्या बोटांची टोके अजूनही बधिर आहेत, त्यामुळे मोजताना दोन नोटा एकत्र सरकल्या तरी तिला जाणवत नाही. (यंत्र आहे, पण फाटक्या नोटा शेवटी हातानेच मोजाव्या लागतात.) दुपारनंतरचा थकवा विश्रांती घेऊनही उतरत नाही आणि ‘आता तर बऱ्या दिसता’ म्हणणाऱ्या वरिष्ठांना तो समजावणे अवघड जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील, त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम देण्याची तरतूद शासकीय आस्थापनांसाठी आहे. मग पतसंस्थेकडे काम बदलून मागताना डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात नेमके काय लिहून घ्यावे? असा अर्ज कोणी केला असल्यास कृपया सविस्तर कळवावे.