मदत हवी आहे : रहस्य आणि विज्ञानकल्पना एकत्र असलेल्या मराठी कादंबऱ्या

नमस्कार. नागपुरात धंतोलीत आम्ही काही वाचक दर महिन्याला एका कादंबरीवर चर्चा करतो. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ने सर्वांनाच झपाटले, जमिनीखाली सापडलेल्या वस्तूचे गूढ उकलता उकलता कथानक यंत्रमानवापर्यंत पोहोचते आणि विज्ञान कुठेही उपरे वाटत नाही. त्यांची ‘प्रेषित’ही वाचून झाली. नारायण धारप मला मनापासून आवडतात, परंतु त्यांच्याकडे भयाचे पारडे जड असते आणि आम्हाला तर्काने सुटणारे कोडे हवे आहे. अशा कादंबऱ्या, शक्यतो अलीकडच्या लेखकांच्या, कृपया सुचवाव्यात. आमच्यातील ज्येष्ठांना मोबाइलवर वाचणे जमत नसल्याने छापील प्रत सीताबर्डीत किंवा टपालाने मिळेल का, हेही कळवावे. शेवट मात्र उघड करू नये, ही विनंती.