रीबूटला सर्व्हर दीड मिनिट अडकतो

प्रश्न: लिनक्स सर्व्हर बंद होताना 'स्टॉप जॉब' (एखादी सेवा थांबवण्याचं काम चालू आहे) असा संदेश दाखवत बरोबर 90 सेकंद थांबतो. परत चालू व्हायलाही उशीर. कुठे बघू?

उत्तर १: 90 सेकंद ही सिस्टमडीची (लिनक्समध्ये सेवा, म्हणजे मागे चालणारे प्रोग्रॅम, चालू-बंद करणारी व्यवस्था) मूळ ठरलेली मुदत. सेवेला आधी सिगटर्म (थांबण्याची विनंती) जातो, तेवढ्यात थांबली नाही तर सिगकिल (जबरदस्तीने बंद). जर्नलसीटीएल या कमांडने जर्नलमधला (सिस्टमडीच्या नोंदवहीतला) मागच्या बूटचा, म्हणजे मागच्या वेळी सर्व्हर चालू असतानाचा, लॉग काढा. 'टाइम्ड आउट'च्या ओळीत सेवेचं नाव असतं. मागचा लॉगच नसेल तर जर्नल कायमस्वरूपी साठवायची सेटिंग करा.

उत्तर २: एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेला दुसऱ्या मशीनचा फोल्डर) आहे का? नेटवर्क आधी तुटलं की अनमाउंट (तो फोल्डर सोडवणं) लटकतं. एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेली फाइल) नेटडेव्ह पर्याय द्या, म्हणजे हे माउंट नेटवर्कवर अवलंबून आहे हे सिस्टमला कळतं.

उत्तर ३: मुदत कमी करायचा मोह होईल, पण ती सरसकट 10 सेकंदांवर आणू नका, कृपया. डेटाबेस मध्येच मारला गेला तर पुढच्या वेळी चालू होताना रिकव्हरी (अर्धवट राहिलेला डेटा सावरणं) चालते. चालू व्हायला होणारा उशीर बहुधा त्याचाच. उलट त्या एका सेवेची मुदत वाढवा.