महिनाभर पूर्ण वनस्पतिजन्य आहार: करून पाहावा का? कारणं आणि सल्ला हवाय

पाऊलवाट

मंडळी, थोडं मार्गदर्शन हवंय. यंदाच्या तपासणीत माझं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, १५८ आलं, साखरही काठावर आहे. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करण्याआधी काही आठवडे खाण्यापिण्यात बदल करून बघा, मग पुन्हा रक्त तपासू. योगायोग असा की माझ्या १९ वर्षांच्या मुलीने त्याच सुमारास मांस, अंडी, दूध सगळंच सोडलंय. तिचं म्हणणं, बाबा, निदान एक महिना माझ्यासोबत करून बघा.

मी आजवर सगळं खात आलोय आणि दुधाशिवाय दिवस काढायची कल्पनाच करवत नाही. तिला नाही म्हणायचं नाही, पण नुसतं तिचं मन राखायला म्हणून करायचं, तर आठवड्याभरात माझा उत्साह मावळेल हेही मला ठाऊक आहे. एका महिन्यात शरीरात खरंच काही फरक पडतो का? 'छान, हलकं वाटतं' याच्या पलीकडची कारणं सांगा. कोणी करू नये, हेही सांगा.

निरभ्र

तुमचं एलडीएल हेच तुमचं सगळ्यात भक्कम कारण आहे, आणि त्यासाठी महिना पुरेसा आहे.

२००३ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांच्या गटाने नेमका एका महिन्याचाच प्रयोग केला होता. कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ जणांचे तीन गट केले. पहिल्याला कमी संपृक्त चरबीचा नेहमीचा पथ्याचा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि सोबत स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी. तिसऱ्याला सोया, बदाम, ओट्स, जव, भेंडी, वांगी, इसबगोल आणि वनस्पती स्टेरॉल (वनस्पतींमधला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ) यांच्यावर उभा केलेला आहार. महिन्याअखेर पहिल्या गटाचं एलडीएल ८ टक्के उतरलं, गोळीवाल्यांचं जवळपास ३१ आणि तिसऱ्या गटाचं जवळपास २९ टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तक्ता पुन्हा पुन्हा तपासून पाहिला होता.

मात्र तिथे जेवण संशोधकांनी पुरवलं होतं. पुढे २०११ मध्ये त्याच गटाने लोकांना फक्त सल्ला देऊन घरी हा आहार करायला लावला, तेव्हा सहा महिन्यांनी घट १३ टक्क्यांच्या आसपास होती. तुम्ही अपेक्षा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी ठेवा, खालच्या आकड्याच्या जवळ. १५८ मधून १३ टक्के गेले तरी २० अंक उतरतात. आहाराच्या मानाने हे थोडं नाही.

हे घडतं कसं, तेही बघा. यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्त बनवतं. ओट्स आणि कडधान्यांमधला विरघळणारा, बुळबुळीत तंतू आतड्यात ते पित्ताम्ल धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. दुसरीकडे, लोणी, चीज आणि चरबीयुक्त मांसातली संपृक्त चरबी यकृताची हीच ओढून घेण्याची क्षमता कमी करते. आहार बदलला की दोन्ही बाजूंनी फायदा होतो, आणि तो काही आठवड्यांत अहवालात दिसतो.

एक धोक्याची सूचना. बटाट्याचे वेफर्स, मैद्याची बिस्किटं, साखरेची पेयं हेही सगळं वनस्पतिजन्यच आहे. खोबरेल आणि पाम तेलात तर संपृक्त चरबी भरपूर असते. महिनाभर यांवर राहिलात तर मुलीच्या मनाला बरं वाटेल, रक्ताला नाही.

कोवळं_ऊन

निरभ्र यांना अनुमोदन. जुळ्यांचा अभ्यासही बघा: २०२३ मध्ये स्टॅनफर्डने एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतला एक आठ आठवडे पूर्ण वनस्पतिजन्य आहारावर, दुसरा चांगल्या प्रतीच्या मिश्र आहारावर. जनुकं तीच, तरी वनस्पतिजन्य बाजूचं एलडीएल जास्त उतरलं, उपाशीपोटीचं इन्सुलिनही. तुमची साखर काठावर आहे म्हणून हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

पोटाबद्दल आधीच सांगून ठेवते. पहिल्या आठवड्यात पोट फुगणार. तंतू एकदम वाढला की आतड्यातल्या जिवाणूंनाही जुळवून घ्यावं लागतं. कडधान्यं रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात बोटांनी सहज चिरडतील इतकी मऊ शिजवा. सुरुवातीला मूठभर, मग हळूहळू वाढवा, आणि पाणी जास्त प्या. बरेच जण याच आठवड्यात 'मला मानवत नाही' म्हणून सोडतात. त्यांनी थोडा धीर धरला असता तर तक्रार आपोआप कमी झाली असती, असं माझं ठाम मत आहे.

तिसरा_प्रहर

मी विरोधात नाही, पण एकाच बाजूने बोलणं बरं नव्हे.

ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड या सुमारे ५५ हजार लोकांच्या दीर्घ अभ्यासाचा २०२० सालचा निष्कर्ष आहे की पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांस खाणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होतं. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं हे त्यामागचं एक कारण, पण तेवढ्याने सगळा फरक उलगडत नव्हता. महिन्याभरात हाडं ठिसूळ होत नाहीत, तो प्रश्न वर्षांचा आहे. पण तुमच्या मुलीचा विचार महिन्याचा नाही. ती १९ वर्षांची आहे, हाडं अजून भरायच्या वयात आहेत. म्हणून या महिन्यात दोघं मिळून हे नीट शिकून घ्या.

बी-१२ वर तडजोड नको. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. यकृतात साठा असतो, त्यामुळे तुम्हाला महिन्यात काही जाणवणार नाही, आणि धोका तिथेच आहे: कमतरता वर्षानुवर्षं कळत नाही आणि मग हातापायांना मुंग्या, बधीरपणा सुरू होतो. ब्रिटनची व्हीगन सोसायटी ही १९४४ पासून याच आहाराचा पुरस्कार करणारी संस्था, तीसुद्धा रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सांगते. मुलीला आजपासून सुरू करू द्या.

कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे ते फारच थोडं अंगी लागतं. कॅल्शियम घातलेलं सोया दूध आणि कॅल्शियमने साकळलेला टोफू (सोया दुधाचं पनीर) बरा. सोया दूध ओतण्याआधी डबा हलवा, कारण कॅल्शियम तळाशी बसतं. लोहासाठी डाळी आणि कडधान्यांवर लिंबू पिळा, आणि चहा-कॉफी जेवणाला लागून नको, तासभर अंतर ठेवा. मीठ आयोडीनयुक्त वापरा.

कोणी करू नये? मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, रक्तात पोटॅशियम वाढून भानगड होते. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत, रक्त पातळ ठेवण्याचं गणित बिघडतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साखर खाली जाऊ शकते, मात्रा आधी ठरवून घ्यावी लागते. आणि खाण्याशी ज्यांचं नातं आधीच बिघडलेलं आहे, म्हणजे जे जेवण टाळायला निमित्त शोधतात, त्यांच्या हाती आणखी एक नियम देऊ नये.

रानजाई

सगळे रक्ताचंच बोलताहेत. मुलीने कशासाठी सोडलं, ते तुम्ही तिला विचारलंत का?

दूध देण्यासाठी गाईला आधी व्यावं लागतं. व्यापारी गोठ्यांमध्ये वासरू बहुतेकदा लवकरच वेगळं करतात, आणि नर वासराचा दुधाच्या धंद्याला उपयोग नसतो. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं अंडी देत नाहीत म्हणून जन्मतःच मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली, पण अजून बऱ्याच ठिकाणी हे रोज चालतं. हे समजल्यावर १९ वर्षांच्या मुलीला खाववत नसेल, तर तिच्याकडे नाद म्हणून बघू नका. तिने विचार केलेला आहे.

जमिनीचा हिशोबही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. २०१८ मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोन संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली. जगातल्या शेतजमिनीपैकी ८३ टक्के जमीन मांस, मासे, दूध, अंडी यांसाठी गुंतते, आणि त्यातून आपल्याला उष्मांक मिळतात फक्त १८ टक्के, प्रथिनं ३७ टक्के. उरलेल्या जमिनीवर बाकी सगळं पिकतं. तुमच्या एका महिन्याने हे आकडे हलणार नाहीत, हे मलाही कळतं. पण महिनाभर वेगळं जेवल्यावर माणूस पहिल्यासारखं डोळे मिटून खात नाही, आणि मला त्याचीच किंमत जास्त वाटते.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री तिला विचारलं. ती तासभर बोलत होती, आणि त्यातलं बरंचसं मला माहीतच नव्हतं. करायचं ठरवलंय. माझ्या कोणत्याही गोळ्या चालू नाहीत, मूत्रपिंडाचा अहवाल ठीक आहे.

आता व्यवहाराचं सांगा. भूक लागेल याची मला खरी धास्ती आहे. आणि दूध, चीज कळत-नकळत कुठे कुठे असतं?

कोवळं_ऊन

भूक लागते, कारण लोक ताटातून मांस, अंडी काढतात आणि त्या जागी काहीच ठेवत नाहीत. नुसती भाजी आणि भात खाल्लात तर दोन तासांत डबे उघडत बसाल. काढलं तिथे काहीतरी ठेवा: डाळ, राजमा, छोले, सोयाबीन, टोफू. प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट डाळ किंवा कडधान्य, मधल्या वेळी मूठभर बदाम किंवा शेंगदाणे, आणि सकाळी सोया दुधात ओट्स, एवढं झालं की बरीच मजल गाठली जाते. बदामाच्या दुधात मात्र प्रथिनं नावालाच असतात, त्यावर विसंबू नका.

टोफू बेचव लागतो ही तक्रार सगळ्यांची असते. फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा आणि अर्धा तास पाणी निथळू द्या. मग तुकडे करून तव्यावर थोड्या तेलात टाका आणि हलवू नका. खालची बाजू सोनेरी झाली की तो स्वतःच तवा सोडतो. मीठ-मसाला त्यानंतर. आधी पाणी काढलं नाही तर चव आत शिरायला जागाच नसते.

पाकिटावर दुधाची भुकटी, व्हे आणि केसीन (दोन्ही दुधातली प्रथिनं), जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं) हे शब्द शोधा. ब्रेड, बिस्किटं, तयार सूप, चॉकलेट यांत सर्रास असतात. चुकून खाल्लं गेलं तर पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू करा, महिना मोडला असं समजू नका.

निरभ्र

सुरू करण्याआधी लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीए१सी (साखरेची सरासरी), बी-१२, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) करून घ्या. मुलीचेही शेवटचे तीन करा, हवं तर ड जीवनसत्त्वही. महिन्यानंतर लिपिड पुन्हा, त्याच प्रयोगशाळेत आणि तितकेच तास उपाशी राहून. मध्ये ताप किंवा मोठा सर्दी-खोकला झाला तर तपासणी थोडी पुढे ढकला, आजारपणात एलडीएल तात्पुरतं खाली दिसतं आणि फसगत होते. एचबीए१सी मात्र साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे महिन्यात ते फारसं हललं नाही म्हणून नाराज होऊ नका. अहवाल आला की आकडे इथे टाका, आधीचे आणि नंतरचे दोन्ही.