प्लेस्टेशन ६ मध्ये रॅम किती असेल? हिशेब जुळत नाही, मदत हवी आहे

मंडळी, सोनीच्या या पुढच्या गेमिंग कन्सोलवरून भाच्याशी पैज लागली आहे आणि मामा हरायच्या बेतात आहे, म्हणून हा धागा.

मोठ्या तोऱ्यात जुने आकडे काढले. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी, म्हणजे रॅम, २ एमबी. प्लेस्टेशन २ (साल २०००) ची ३२ एमबी. प्लेस्टेशन ३ (२००६) ची ग्राफिक्सची धरून ५१२ एमबी. प्लेस्टेशन ४ (२०१३) ची ८ जीबी. दर पिढीला बरोब्बर सोळापट! याच चालीने २०२० साली प्लेस्टेशन ५ मध्ये १२८ जीबी यायला हवी होती. आली १६. सोळापटीवरून थेट दुप्पट! मग पुढचा अंदाज बांधायचा कुठल्या पटीने?

टेराफ्लॉप्सवर (चिप सेकंदाला किती गणितं करते त्या आकड्यावर) माझा आता विश्वास नाही. प्लेस्टेशन ५ च्या प्रो मॉडेलचे १६.७ आणि साध्या प्लेस्टेशन ५ चे १०.२८, म्हणजे कागदावर साठ टक्क्यांहून जास्त. सोनी स्वतः मात्र रेंडरिंग (पडद्यावरचं चित्र तयार करणं) ४५ टक्क्यांपर्यंत वेगवान म्हणते. मागच्या खेपेलाही मी फ्लॉप्सच मोजत बसलो होतो, आणि खरा फरक पाडला एसएसडीने (हार्ड डिस्कच्या जागी आलेल्या वेगवान साठवणीने).

भाचा ६४ जीबीवर अडून बसलाय. मी काय लिहू? जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १
सोळापट हा काही निसर्गनियम नव्हता. तेवढ्याच पैशात दर वेळी कितीतरी जास्त चिप्स मिळायच्या, म्हणून जमलं. ती स्वस्ताई संपली. त्यात आता एआयची डेटा सेंटर्स मेमरी ओढून घेतायत. भाच्याला म्हणावं, ६४ विसर.

दुसरं म्हणजे, हार्ड डिस्क हळू होती तेव्हा पुढे लागणारा सगळा पसारा आधीच रॅममध्ये भरून ठेवावा लागे. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते, त्यामुळे तीच १६ जीबी जास्त कामाला येते. प्रोमध्ये काय केलं बघा: मुख्य मेमरी १६ जीबीच ठेवली (सिस्टिमसाठी २ जीबी वेगळी दिली), पण तिचा वेग सेकंदाला ४४८ वरून ५७६ जीबीवर नेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीने पुढच्या चिपबद्दल जे सांगितलं, त्यातही डेटा दाबून बँडविड्थ (मेमरीतून डेटा ने-आण करायची क्षमता) वाचवणं, रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्यासाठी) वेगळं हार्डवेअर आणि न्यूरल नेटवर्क हेच होतं. पैज वेगावर लावायला हवी होती. जीबीवरच असेल तर माझ्या मते २४ ते ३२.

धागाकर्ता
आभार! जीबीवरच लागली आहे, त्यामुळे ३२ लिहितो. पैजेचा दुसरा भाग सांगायचा राहिलाच. भाचा म्हणतो डिस्क ड्राइव्ह मिळणारच नाही. प्रोमध्ये ती बसवलेली नाही, पण वेगळी घेऊन जोडता येते. ‘जोडता येते’ म्हणजे ‘मिळते’ धरायचं ना?